राजहंस, बदक आणि उसना गळा

‘आत्मनिष्ठा’ हा शब्द मराठी समीक्षेत रुळला तो मुख्यतः मर्ढेकरांमुळे. ‘वाङ्मयीन महात्मता’मध्ये त्यांनी लेखकाच्या स्वतःच्या अनुभवाशी असलेल्या इमानाचा प्रश्न उभा केला, आणि पुढे त्या शब्दाभोवती जी चर्चा झाली ती जवळजवळ सर्वस्वी प्रौढ वाङ्मयाला धरून झाली. मुलांच्या रंगभूमीकडे ती सहसा वळली नाही. वास्तविक तिकडे वळण्याचे कारण होते. मुलांसाठी जी गाण्यानाचण्याची नाटके आज शाळाशाळांतून होतात, त्यांतील पुष्कळांचे आशयसूत्र नेमके हेच असते: तू जसा आहेस तसा राहा, दुसऱ्यासारखे होऊ नकोस. मर्ढेकरांना जे थोर लेखकाकडून हवे होते ते आपण आठ वर्षांच्या मुलाकडून, तेही टाळ्यांच्या तालावर मागत आहोत.

या उपदेशाचे एक इंग्रजी कुळ आहे, आणि ते फारसे प्रतिष्ठित नाही. स्वतःशी खरे राहण्याचा जो उपदेश शेक्सपीअरचा म्हणून सुविचारांच्या फळ्यांवर फिरतो, तो ‘हॅम्लेट’मध्ये पोलोनियस आपल्या परदेशी निघालेल्या मुलाला करतो, आणि पुढच्याच अंकात हा पिता त्याच मुलावर पाळत ठेवण्यासाठी माणूस रवाना करतो. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’चे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा विरोधाभास मराठी वाचकाला उपलब्ध आहे. उपदेश कोण करतो आहे आणि करून झाल्यावर काय करतो आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत लेखात मला एवढेच पाहायचे आहे.

मराठी बालरंगभूमीची मूळ प्रकृती आत्मशोधाची नव्हती, हे आधी नोंदवले पाहिजे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले, रत्नाकर मतकरींनी १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. या नाटकांत चेटकिणी होत्या, राक्षस होते, राजकन्या होत्या. मुलांना भिण्याचा आणि मग भीतीवर हसण्याचा आनंद मिळत होता. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी केली. दोन्ही पिढ्यांतील मुलांनी चेटकिणीवरच प्रेम केले, आणि ही चेटकीण स्वतःशी प्रामाणिक आहे का असे कोणी विचारले नाही. दुसरा प्रवाह सुधारणेचा. ‘चंद्रशाळे’चे ‘दुर्गा झाली गौरी’ हे माधव साखरदांडे यांनी लिहिलेले नृत्यनाट्य घ्या. त्याचे शीर्षकच सांगते की हट्टी मुलीचा स्वभाव पालटावयाचा आहे. त्या नाटकाच्या प्रयोगमूल्याविषयी मला आदर आहे. परंतु दुर्गेने दुर्गाच का राहू नये, हा प्रश्न त्या काळच्या पालकाला पडला नसता. तो आज पडतो, आणि पडतो हे चांगलेच आहे. अडचण पुढे आहे. ‘तू तूच राहा’ हे सांगावयाचे ठरल्यावर आपल्या हाताशी जी गोष्ट येते ती बहुधा एकच असते: कुरूप बदकाच्या पिल्लाची.

ही गोष्ट हान्स आंडरसनने १८४३ मध्ये प्रसिद्ध केली. मराठी घरांत ती गदिमांच्या गीतातून आणि आशा भोसले यांच्या आवाजातून आली, आणि इतकी आली की ती परकी आहे हेच आपण विसरलो. गदिमांनी मूळ कथेत काय काय गाळले हे पाहण्यासारखे आहे. आंडरसनच्या पिल्लाला शिकारी भेटतात, म्हातारीचे घर भेटते, बर्फात गोठण्याची वेळ येते. आणि शेवटी ते हंसांकडे जाते तेव्हा ते आपल्याला मारून टाकतील अशीच त्याची समजूत असते. मान खाली घालून मरणाची वाट पाहताना त्याला पाण्यात आपले रूप दिसते, आणि मग इतर हंस त्याला आपल्यात घेतात. गदिमांच्या गीतात हे इतर हंस नाहीतच. पिल्लू एकटे आहे, पाणी आहे आणि त्यात पडलेले प्रतिबिंब आहे. कोणी स्वीकारण्याआधीच त्याचे भय संपते. अल्पाक्षरी गीताची गरज म्हणून हे झाले असेल, तरी परिणाम असा झाला की मूळ कथेतील सामाजिक स्वीकार मराठीत शुद्ध आत्मज्ञान झाला. बालगीत म्हणून ही फार मोठी कमाई आहे, असे मला वाटते.

तरीही कथेच्या बुडाशी असलेली अट बदलत नाही. पिल्लू निराळे असते, कारण ते निराळ्या अंड्यातून आलेले असते. बदकांच्या खुराड्यात जन्मल्याने काही बिघडत नाही, अंडे हंसाचे असले म्हणजे झाले, असा अभिप्राय खुद्द आंडरसनने दिला आहे. चांभाराच्या आणि धुणे धुणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेल्या या लेखकाने आपल्या कर्तृत्वाचे स्पष्टीकरण शेवटी बीजात शोधावे, हे करुण आहे. डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेस याने १८६९ मध्ये या कथेच्या शेवटावर आक्षेप घेतला तो वेगळ्या अंगाने: इतके सोसलेला पक्षी अखेर बड्या लोकांच्या बागेतील तळ्यात मुलांनी टाकलेला पाव खात माणसाळलेला राहतो, हे त्याला सहन झाले नाही. मराठीत तर आणखी एक भर पडली. आंडरसनच्या पक्ष्याच्या नावात राजा नाही. तो नुसता हंस आहे. आपण त्याला ‘राजहंस’ केले. नीरक्षीरविवेकाची, मानससरोवराची सगळी उच्चकुलीन परंपरा त्या एका उपपदासरशी आत आली. ज्या समाजात ‘कोणाचा?’ हा प्रश्न ‘कोण?’ या प्रश्नाच्या आधी विचारला जातो, तेथे या उपपदाला वजन असते.

आणि जे पिल्लू कुरूप आहे, पण मोठेपणी बदकच होणार आहे, त्याने पाण्यात काय पाहावे?

इंग्रजी रंगभूमीला हा प्रश्न अर्धवट का होईना, सुचलेला दिसतो. जॉर्ज स्टाइल्स आणि अँथनी ड्रू यांची या कथेवरची सांगीतिका १९९३ मध्ये प्रथम झाली, पुढे ‘हाँक!’ या नावाने गाजली आणि २००० साली तिला लंडनचे ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. तिच्यात एक बेडूक आहे. त्याचा हंस होण्याचा संभव नाही, आणि अंगावरच्या चामखिळींसकट कोणीतरी आपल्यावर प्रेम करीलच, असे तो गातो. माझ्या मते त्या सांगीतिकेतील खरा आत्मनिष्ठ हाच. पण तो विनोदी दुय्यम पात्र आहे. एक गाणे म्हणून तो निघून जातो आणि नाटक पुन्हा हंसाच्या वाटेला लागते.

या प्रश्नाने मला छळावयास सुरुवात केली ती मात्र पुस्तकातून नव्हे. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीलगत एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी हीच गोष्ट सांगीतिका म्हणून बसवली जात होती. संहितेचे शुद्धलेखन पाहून द्यावे, एवढ्याच कामासाठी मला बोलावले होते. मी तीन आठवडे तालमींना जात राहिलो.

अंबरनाथ बाहेरच्या वाचकाला ठाऊक असते ते शके ९८२ च्या, म्हणजे १०६० च्या शिवमंदिरासाठी. वालधुनीच्या काठच्या त्या मंदिराच्या भिंतींवर कोरीव काम इतके दाट आहे की मोकळा दगड शोधावा लागतो. परंतु गावाचे अलीकडचे रूप घडविले ते कारखान्यांनी. विम्कोच्या आगपेट्या, धरमसी मोरारजींची रसायने, शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना, आणि १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर मोरिवलीपासून आनंदनगरपर्यंत पसरत गेलेले भूखंड. जुन्या कारखान्यांत कायम कामगार असत, त्यांना वसाहती आणि क्रीडांगणे असत. आताचा कामगार बव्हंशी ठेकेदाराचा. त्याची पाळी बदलली की घरातील जेवणाची वेळ बदलते. मुलांच्या तालमीलाही तोच न्याय. रात्रपाळीचा बाप झोपलेला असला म्हणजे घरात गाणे पाठ करता येत नाही, म्हणून ती मुले शाळेच्या जिन्यात बसून पाठ करीत.

या मुलांच्या तोंडी चार मराठ्या होत्या. मूळ गावातील आगरी, खानदेशातून आलेली अहिराणी, मराठवाड्याची बोली, आणि उत्तरेकडील घरांतून आलेल्या मुलांची शाळेत शिकलेली मराठी. एका ‘डोळा’ शब्दाचे ‘डोला’ आणि ‘डोया’ असे दोन उच्चार एकाच ओळीत ऐकू येत, आणि ‘पाणी’ तर बहुतेकांचे ‘पानी’च होते. पहिले दोन आठवडे हे सारे पेटीवर चालले. पेटी वाजवणाऱ्या बाई सूर देत, मुले आपापल्या गळ्याने गात. बेसूर होत, वर चढत, हसत, पुन्हा सुरू करीत. मी लिहिलेल्या शुद्धलेखनाचा तिथे काही उपयोग नव्हता, आणि मला त्याचे वाईट वाटत नव्हते.

मग ट्रॅक आला. ठाण्याच्या एका स्टुडिओत सराईत बालगायकांकडून गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली होती. उच्चार निर्दोष, ण ण होता, ळ ळ होता, मागे व्हायोलिने होती. त्या दिवसापासून मुलांनी गाणे थांबवले. ओठ हलवावयाचे, तेही नेमके, आणि आवाज काढावयाचा नाही, कारण वर टांगलेल्या माइकमध्ये तो शिरला तर ट्रॅकशी भांडतो. ‘तू तुझाच आवाज ऐक’ अशा आशयाचे शेवटचे समूहगान तीस मुले मिटल्या गळ्याने म्हणत होती.

यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. सभागृहांची ध्वनिव्यवस्था पाहता दुसरे काय करणार, हेही खरे. पण मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही. ‘संगीत शाकुंतल’पासून त्या रंगभूमीचा एक अलिखित करार होता: जो दिसतो तोच गातो. पुरुष स्त्रीवेष घेत असे, पन्नाशीचा नट विशीचा होत असे, कण्वाश्रम रंगवलेल्या पडद्यावर असे. सगळे खोटे चालत असे, कारण गळा खरा होता. गळा बसला तर प्रयोग बसे. संगीत नाटकातील आत्मनिष्ठा शोधावयाची तर ती संहितेच्या उपदेशात सापडणार नाही, या करारात सापडेल. आपल्या सांगीतिकांनी नेमका हा करार मोडला आणि त्याच्या जागी आत्मनिष्ठेचा विषय घातला. जे प्रयोगाच्या द्रव्यात असावयाचे ते आशयात गेले, म्हणजेच उपदेशात गेले.

दुसरी गोष्ट पात्रयोजनेची. पिल्लाचे काम ज्या मुलीला दिले ती गर्दीत उठून दिसावी इतकी काळी होती. निवड करताना कोणी काही बोलले नाही; बोलावे लागले नाही. ती काम उत्तम करीत असे. खांदे आत ओढून ती रंगमंचाच्या कडेकडेने अशी चाले की इतर बदके आपोआप मोठी वाटू लागत. शेवटच्या प्रवेशात ती तळ्याशी येते, वाकते, दिवे जातात; आणि दिवे येतात तेव्हा पांढऱ्या पिसांच्या पोशाखात राजहंस उभा. एवढ्या वेळात पोशाख बदलणे शक्य नाही, म्हणून राजहंसासाठी दुसरी मुलगी घेतली होती. ती गोरी होती. ब्लॅकआऊटची पहिली तालीम झाली तेव्हा पिल्लू झालेली मुलगी अंधारात तशीच उभी राहिली आणि दिवे आल्यावर तिने विचारले, “सर, मग मी कोणत्या विंगेतून जायचं?”

तिला डावी विंग सांगण्यात आली.

या प्रश्नाला मी प्रतीक करू इच्छित नाही. तिला खरोखर विंगच विचारावयाची होती, आणि ती कळल्यावर तिने पुढच्या तालमीत चूक केली नाही. पण संहितेचा जो अर्थ आंडरसनपासून दडून होता तो त्या पात्रयोजनेने उघड केला. पिल्लू राजहंस होत नाही. पिल्लू काढून टाकून त्याच्या जागी राजहंस ठेवला जातो. रूपांतर प्रेक्षकाला दिसते. पिल्लाला दिसतो तो अंधार.

आपल्या परंपरेत या कथेला एक उत्तर आहे, आणि ते लहान मुलांनाही ठाऊक असलेले आहे. कर्ण हे महाभारतातील कुरूप पिल्लू: दुसऱ्याच्या घरी वाढलेले, सर्वत्र हिणवलेले, आणि खरोखरच राजकुळात जन्मलेले. उद्योगपर्वात कृष्ण त्याला पाण्याजवळ नेल्यासारखा नेतो आणि त्याचे प्रतिबिंब दाखवतो: तू कौंतेय आहेस, पांडवांत ज्येष्ठ आहेस, राज्य तुझे आहे. आंडरसनची कथा येथे संपली असती. कर्ण नाही म्हणतो. आपल्याला पाहून राधेला पान्हा फुटला, अधिरथाने आपले जातकर्म केले, आपल्या बायका सूतांच्या घरच्या, आपली मुले-नातवंडे त्यांच्यातली. हे आता खोटे कसे करावयाचे? त्यात दुर्योधनाच्या मैत्रीचे ओझे आहे, कीर्तीचा अहंकार आहे, हे सारे मान्य. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये कर्णाच्या आयुष्याच्या मुळाशी ‘मी कोण’ हा प्रश्न ठेवला आणि त्याला फारशी दया दाखवली नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने त्याच सुमारास, १९६७ मध्ये, त्याला मराठी वाचकाच्या देव्हाऱ्यात बसवले. माझा मुद्दा त्या दोहोंहून साधा आहे. आपण कोण हे कळणे आणि आपण कोण हे ठरवणे या दोन क्रिया आहेत, आणि कर्ण दुसरी करतो. बदकांत वाढल्याने मी बदक आहे, हे माहीत असून म्हणणारा तो हंस आहे. याहून कठोर आत्मनिष्ठा मला कोणत्याही सांगीतिकेत आढळलेली नाही; आणि कर्णाची नाटुकली शाळांतून होतात ती बहुधा दानशूरपणाची, या प्रवेशाची नाहीत.

मुलांच्या रंगभूमीवर बदकाला बदक म्हणून उभे करण्याचा एक प्रयत्न अंबरनाथपासून फार दूर नसलेल्या ठाण्यात झाला आणि तो करणारे मतकरीच होते, ही मला विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. राक्षस आणि राजकन्या यांच्यापासून निघालेल्या या नाटककाराने २०१४ मध्ये समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. लोकवस्त्यांतील मुलांनी आपले विषय आपण निवडावेत, आपणच लिहावे आणि आपणच करावे, ही त्याची कल्पना. मे २०२० मध्ये मतकरी गेले. त्यांच्या बालनाट्यांचे मूल्यमापन करताना या अखेरच्या पर्वाला समाजकार्याच्या रकान्यात टाकण्याची आपली सवय आहे. मला ते त्यांच्या रंगविचाराचे टोक वाटते. ‘मधुमंजिरी’मध्ये त्यांनी मुलांसाठी लिहिले, येथे त्यांनी लेखणी खाली ठेवली. नाटककाराला याहून अवघड काय असते? आणि मुलांना कोणीही ‘स्वतःसारखे व्हा’ म्हणून सांगितले नाही. त्यांना रंगमंच मोकळा करून दिला. भाषा त्यांची, म्हणजे ण आणि ळ देखील त्यांचे.

अर्थात याची दुसरी बाजू मला ऐकावी लागली आहे, आणि ती येथे नोंदविली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. त्या शाळेच्या तालमी संपत आल्या असताना मी माझे म्हणणे नृत्य बसवणाऱ्या शिक्षकांपुढे मांडले. ते स्वतः एका कंपनीत दिवसपाळी करून संध्याकाळी नृत्याचे वर्ग घेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, तुमचं पटतं. पण ही पोरं वर्षभर आपलंच जगणं जगतात. तेच पुन्हा स्टेजवर कशाला? एक दिवस तरी पांढरी पिसं लागू देत की त्यांना.”

या युक्तिवादाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. चाळीतल्या मुलाने रंगमंचावर चाळच दाखवावी, असा आग्रह धरणारा समीक्षक बहुधा स्वतः चाळीत राहत नसतो. व्हायोलिनांचा तो ट्रॅक ऐकताना मुलांच्या डोळ्यांत जी चमक आली होती, ती मी पाहिली होती. ती कृतक नव्हती. सुंदर दिसण्याची इच्छा हीदेखील मुलाची स्वतःची असू शकते, आणि आत्मनिष्ठेच्या नावाने तिला बाहेर काढले तर आपणही दुसऱ्या दाराने पोलोनियसच होतो. मतकरींच्या राजकन्या आणि मतकरींचा रंगमंच, दोन्ही मुलांना लागतात, हे मी त्या शिक्षकांच्या बोलण्यानंतर अधिक मोकळेपणाने म्हणू शकतो.

मी त्यांच्यापुढे दोनच मागण्या ठेवल्या. शेवटचे समूहगान ट्रॅक बंद करून पेटीवर, मुलांच्या गळ्याने व्हावे. आणि पिसे पिल्लू झालेल्या मुलीलाच मिळावीत, मग त्यासाठी मध्ये बदकांचे एक नाच-गाणे घालून वेळ काढावा लागला तरी चालेल. पहिली त्यांनी लगेच मान्य केली, कारण ट्रॅकवरील ते गाणे त्यांनाही लांबलेले वाटत होते. दुसरीवर त्यांनी बराच विचार केला, ड्रेपरीवाल्याला फोनही केला. पोशाख भाड्याचा होता, एकच होता आणि मापाने तो दुसऱ्या मुलीलाच येत होता.